चुंबकीय नॅनोकणांचा सेन्सर : पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

रक्त, दूध, गढूळ पाणी. यांच्यात फारसं साम्य नाही, पण एक आहे: यांतलं काहीही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. पाण्याची चुंबकीय ग्रहणक्षमता (बाहेरचं क्षेत्र लावल्यावर पदार्थ किती चुंबकित होतो त्याचं माप) उणे ०.०००००९ इतकी नगण्य आहे आणि जैविक नमुने साधारण तिच्याच आसपास असतात. प्रकाशावर चालणाऱ्या चाचणीला नमुन्याचा रंग नडतो, गढूळपणा नडतो, कधी नमुन्यातलेच रेणू चमकून घोटाळा करतात. शोधायच्या पदार्थाला, म्हणजे लक्ष्याला, चुंबकीय नॅनोकण चिकटवून ते कण मोजले, तर या चुंबकीय खुणेला यातलं काही नडत नाही. नमुन्यात चुंबकीय असं जे सापडेल, ते बहुतेक आपणच टाकलेलं असतं. या सेन्सरची सगळी मदार एवढ्या एका गोष्टीवर आहे.

नव्याने या विषयात शिरणारा माणूस सहसा चिपपासून सुरुवात करतो. कोणता हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्राचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप) घ्यावा, कोणता अ‍ॅम्प्लिफायर लावावा, वगैरे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. चुंबकीय क्षेत्र मोजणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. मोजले गेलेले कण लक्ष्याला धरून आलेत की पृष्ठभागावर उगाच चिकटून बसलेत, हे ओळखणं अवघड, आणि बहुतेक सेन्सर तिथेच फसतात. म्हणून इथे आधी कण, मग मोजण्याची पद्धत, आणि मग कणाच्या पृष्ठभागावर बराच वेळ.

कणाची ओळख

बहुतेक वेळा हे कण मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइट या लोहाच्या ऑक्साइडांचे असतात. मॅग्नेटाइटचा मोठा तुकडा घेतला तर त्यात अनेक चुंबकीय डोमेन, म्हणजे आपापल्या एका दिशेला चुंबकित झालेले भाग, असतात. कण पुरेसा लहान झाला की एकच डोमेन उरतं, म्हणजे अख्खा कण हाच एक छोटा चुंबक होतो. आणखी लहान केला की आसपासच्या उष्णतेनेच त्याच्या चुंबकत्वाची दिशा उलटसुलट होऊ लागते. बाहेरून क्षेत्र लावलं की सगळे कण एका दिशेला वळतात, क्षेत्र काढलं की सरासरी शून्य. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात.

आकाराचा परिणाम किती तीव्र आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावं. खोलीचं तापमान, मॅग्नेटाइटचं चुंबकत्व उलटवायला लागणारी ऊर्जा, म्हणजे अ‍ॅनायसोट्रॉपी दर घनमीटरला ११ हजार ज्यूल आणि मूळ काळ (उलटण्याच्या दोन प्रयत्नांमधला) १ नॅनोसेकंद धरला, तर १० नॅनोमीटरच्या कणाची दिशा काही नॅनोसेकंदांत उलटते. २० नॅनोमीटरला हाच काळ ६० ते ७० मायक्रोसेकंद होतो. २५ नॅनोमीटरला दोन-तीन सेकंद. आणि ३० नॅनोमीटरला कित्येक महिने! कणाचं घनफळ सूत्रात घातांकात बसलेलं असल्यामुळे ही उडी पडते. प्रत्यक्षात कणाचा घाट आणि पृष्ठभाग यांमुळे आकडे इकडेतिकडे सरकतात, पण धडा तोच राहतो: कणांचा सरासरी आकार विचारून भागत नाही, त्यांच्या आकारांत फरक किती आहे तेही विचारावं लागतं.

सेन्सरसाठी हा गुण हवाच, कारण चुंबक दूर केल्यावर कण एकमेकांना चिकटून राहत नाहीत, पुन्हा द्रवात पसरतात. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की १० नॅनोमीटरचा सुटा कण साध्या चुंबकाने ओढलाच जात नाही. त्याच्यावरचं बळ इतकं क्षीण असतं की द्रवाच्या रेणूंचे धक्के त्याला पुरून उरतात. म्हणून बाजारातल्या बीड्समध्ये असे असंख्य दाणे पॉलिमरच्या किंवा सिलिकाच्या गोळीत कोंबलेले असतात. दाणे नॅनो, गोळी मायक्रो. अशा एकसारख्या पॉलिमर गोळ्या बनवण्याची रीत नॉर्वेच्या योन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात बसवली. आज सगळ्या प्रयोगशाळांत दिसणाऱ्या १ आणि २.८ मायक्रोमीटरच्या डायनाबीड्स तिथूनच आल्या.

स्वतः कण बनवावेत का? बनवता येतात. फेरिक आणि फेरस क्षार २:१ या प्रमाणात घेऊन, ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्यात अमोनिया घातला की क्षणात काळा साका पडतो. मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सगळ्यात सोपी आहे. पण तिच्यातून निघणारे कण लहानमोठे असतात, आणि वर पाहिलंच की लहानमोठेपणा किती महागात पडतो. जास्त तापमानाला सेंद्रिय द्रावकात बनवलेले कण फार एकसारखे येतात, पण त्यांच्यावर ओलेइक आम्लाचा थर असतो, पाण्यात ते पसरत नाहीत, आणि तो थर बदलणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. पहिल्या सेन्सरसाठी सरळ विकतच्या बीड्स घ्या: १ मायक्रोमीटरच्या, पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट (यांना प्रथिनं रासायनिक बंधाने जोडता येतात) असलेल्या किंवा बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरणारं प्रथिन, म्हणजे स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन लावलेल्या. स्वतः बनवलेला काळा साका काही दिवसांनी तपकिरी दिसू लागला तर घाबरू नका. मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट होतंय, चुंबकत्व थोडं उतरतं इतकंच.

मोजणार कसं, हे आधी ठरवा

कणाचा आकार, पृष्ठभाग, धुण्याची पद्धत, सगळं मोजण्याच्या रस्त्यावर अवलंबून असतं. म्हणून हा निर्णय खरेदीच्या आधी घ्यावा.

पहिला रस्ता चिपवरचा. चिपच्या पृष्ठभागावर लक्ष्याला पकडणारी अँटिबॉडी, तिच्यावर लक्ष्य, त्याच्यावर चुंबकीय कण, आणि खाली कणाचं क्षेत्र ओळखणारा पातळ थर. हा थर बहुधा जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सवर, म्हणजे जीएमआरवर (चुंबकीय क्षेत्राने पातळ थरांचा विद्युत रोध बराच बदलतो, त्या परिणामावर) चालतो. हा परिणाम आल्बेर फेर आणि पीटर ग्र्युनबर्ग यांच्या गटांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधला, दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि मधल्या काळात तो हार्ड डिस्कच्या वाचकात जाऊन बसला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने त्याच तंत्रावर बीड्स मोजून दाखवल्या. पुढे स्टॅनफर्डच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की सीरम, मूत्र, लाळ असे अगदी वेगळे द्रव घेतले तरी अशा चिपचं उत्तर फारसं बदलत नाही.

इथे अंतराचा नियम डोक्यात पक्का बसवावा लागतो. २० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण पूर्ण चुंबकित केला, तर त्याच्या अक्षावर १०० नॅनोमीटर दूर साधारण ०.४ मिलिटेस्लाचं क्षेत्र मिळतं. १ मायक्रोमीटरवर तेच ०.४ मायक्रोटेस्ला होतं. १ मिलिमीटरवर त्याचाही अब्जावा भाग. अंतर दहापट झालं की क्षेत्र हजारपट कमी. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे मिलिमीटरभर लांबून एकेक कण मोजण्याचा विचारच सोडून द्यावा. याच नियमाचा फायदाही आहे: द्रवात वर तरंगणारे, न चिकटलेले कण चिपला दिसतच नाहीत, त्यामुळे काही चाचण्या न धुताही चालतात. पण यासाठी कण लहान हवेत. २.८ मायक्रोमीटरची बीड पाण्यात सेकंदाला दोन-तीन मायक्रोमीटर या वेगाने खाली बसते, म्हणजे १ मिलिमीटर खोल द्रवात सहा-सात मिनिटांत सगळ्या बीड्स चिपवर येऊन पडतात, लक्ष्य असो वा नसो. ५० नॅनोमीटरच्या कणाला ही अडचण नाही.

दुसरा रस्ता शिथिलतेचा, म्हणजे रिलॅक्सेशनचा. थरासकट ५० नॅनोमीटर व्यासाचा कण पाण्यात स्वतःभोवती वळायला साधारण ५० मायक्रोसेकंद घेतो. त्याच्यावर रेणू बसून, किंवा दोनचार कण एकत्र येऊन, व्यास १०० नॅनोमीटर झाला की हाच काळ आठपट, म्हणजे ४०० मायक्रोसेकंदांच्या जवळ जातो. बदलतं क्षेत्र लावून कण कोणत्या वारंवारतेला मागे पडू लागतात हे पाहिलं, की ते उत्तर ३ किलोहर्ट्झकडून ४०० हर्ट्झकडे सरकताना दिसतं. धुणं नाही, पृष्ठभाग नाही. मात्र कणाचं चुंबकत्व त्याच्या आत उलटता कामा नये, तर कणासकट वळलं पाहिजे. म्हणजे वरच्या हिशेबातला २० नॅनोमीटरच्या पलीकडचा गाभा हवा. शिवाय द्रव दाट असला तरी काळ वाढतो, त्यामुळे तापमान आणि दाटपणा सांभाळावा लागतो. याच कुळातली दुसरी युक्ती म्हणजे कणांचे गठ्ठे झाल्यावर भोवतालच्या पाण्याचा चुंबकीय अनुनादातला टी-२ काळ (संकेत विरायला लागणारा वेळ) बदलतो, तो मोजायचा. रक्तातल्या कॅन्डिडा बुरशीसाठीची टी-२ कॅन्डिडा चाचणी याच तत्त्वावर आहे. तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये परवानगी दिली. रक्त कल्चरला लावून दिवसचे दिवस थांबण्याऐवजी तिचं उत्तर काही तासांत येतं.

तिसरा रस्ता कॉइलचा. नमुन्याची नळी कॉइलमध्ये ठेवायची आणि इंडक्टन्समधला, म्हणजे कॉइल प्रवाहातल्या बदलाला किती विरोध करते त्यातला, बदल मोजायचा. याचीच हुशार आवृत्ती म्हणजे दोन वारंवारतांचं क्षेत्र एकदम लावणं, एक कित्येक किलोहर्ट्झची आणि एक अगदी मंद. सुपरपॅरामॅग्नेटिक कणांचा क्षेत्र आणि चुंबकत्व यांचा आलेख सरळ रेषेत नसतो, त्यामुळे त्यांच्याकडून दोन्हींच्या मिश्रणाच्या नव्या वारंवारता निघतात. पाणी, प्लास्टिक, काच यांच्याकडून त्या येत नाहीत. पार्श्वभूमी अशी आपोआप गळून पडते.

चौथा रस्ता ऐकून नवख्याचा थोडा विरस होतो: चुंबकाने फक्त वेचायचं, मोजायचं प्रकाशाने. रुग्णालयांतल्या, अँटिबॉडीने चाचणी करणाऱ्या मोठ्या इम्युनोअ‍ॅसे यंत्रांपैकी बरीचशी हेच करतात. बीड्स लक्ष्य पकडतात, चुंबक त्यांना भिंतीशी धरून ठेवतो, बाकीचं धुऊन जातं, आणि मग रासायनिक किंवा विद्युत-रासायनिक प्रकाश मोजला जातो. यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. जगात रोज होणाऱ्या चाचण्यांच्या संख्येकडे पाहिलं तर चुंबकीय कणांचा सर्वांत यशस्वी उपयोग हाच ठरेल.

अतिशीत स्क्विड, फ्लक्सगेट, टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स हे क्षेत्र मोजण्याचे आणखी प्रकारही आहेत, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका. हाताशी साधी साधनं असतील तर कॉइल किंवा चौथा रस्ता घ्या.

पायरी १ : आधी नुसते कण मोजा

अँटिबॉडीची बाटली उघडण्याआधी हे करायचंच. बीड्सचा द्रव नीट हलवून दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी निम्मा पातळ करत आठ-दहा नळ्या बनवा. एक नळी नुसत्या बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची), म्हणजेच ब्लँक. सगळ्या मोजा. आलेख सरळ रेषेत यायला हवा. जिथे रेषा सपाट होऊन ब्लँकमध्ये मिसळते, तिथे तुमच्या यंत्राची मर्यादा. पुढे लक्ष्य कितीही चांगलं पकडलं तरी या मर्यादेखालचं काही दिसणार नाही.

हॉल सेन्सर वापरून पाहायचा असेल तर हा हिशेब आधी करा. स्वस्तातला एसएस४९ई हा रेषीय सेन्सर दर मिलिटेस्लाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो. १०-बिट वाचकावर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या एडीसीवर) ५ व्होल्टची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.३५ मिलिटेस्लाची. पृथ्वीच्या अख्ख्या क्षेत्रानेही एक पायरी भरत नाही! वाचक १६-बिट केला तर पायरी बारीक होते, पण मग सेन्सरचा स्वतःचा नॉइज पुढे येतो. असा सेन्सर चुंबकाने एका जागी गोळा केलेला बीड्सचा ठिपका ओळखायला ठीक आहे, पातळ द्रवासाठी नाही. त्यातही चुंबकित करणारं क्षेत्र सेन्सरच्या संवेदनशील दिशेला काटकोनात लावा, नाहीतर तो त्या क्षेत्रानेच भरून जाईल.

कॉइलवाल्यांची अडचण वेगळी. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कण असले तरी इंडक्टन्स साधारण हजारात एखाद्या भागाने बदलतो आणि कॉइल जोडलेल्या दोलकाची (ऑसिलेटरची) वारंवारता त्याच्या निम्म्याने. खोलीचं तापमान जरा सरकलं की तेवढाच फरक आपसूक पडतो. उपाय सोपा आहे: रिकामी, भरलेली, पुन्हा रिकामी, अशा क्रमाने वाचन घ्या आणि दोन रिकाम्यांची सरासरी वजा करा. आळसाने मधली रिकामी वाचनं गाळू नका.

याच पायरीवर खोलीतलं लोखंड शोधून काढा. स्टीलचा चिमटा, सुई, स्टेपलची पिन, टेबलाची पोलादी चौकट, खिशातला मोबाइल. नमुन्यात चुंबकीय काही नसतं हे वरचं विधान स्टीलच्या चमच्याने घासून काढलेल्या नमुन्याला लागू होत नाही. प्लास्टिकची साधनं वापरा.

पायरी २ : कणावर अँटिबॉडी बसवणं

कण स्वतः काहीच ओळखत नाही. ओळखते ती त्याच्यावरची अँटिबॉडी, डीएनएचा तुकडा किंवा लक्ष्याला धरणारा खास घडवलेला न्यूक्लिइक आम्लाचा तुकडा, म्हणजे अ‍ॅप्टामर.

सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनच्या बीड्स आणि बायोटिन लावलेली अँटिबॉडी. दोन्ही एकत्र करून अर्धा तास हलवत ठेवा, धुवा, झालं. या दोघांची पकड जीवशास्त्रात माहीत असलेल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी आहे.

कार्बॉक्सिल बीड्स असतील तर त्यांचे गट जागे करून अँटिबॉडीशी जोडणारी ईडीसी आणि एनएचएस ही रसायनं लागतात. क्रम असा: बीड्स एमईएस बफरमध्ये, पीएच ५ ते ६ च्या दरम्यान, धुऊन घ्या. ईडीसी आणि एनएचएस त्याच क्षणी विरघळवा, आधी करून ठेवू नका, कारण ईडीसी पाण्यात लवकर मरतं. १५ ते ३० मिनिटं हलवा. चटकन धुवा. मग साधारण ७.४ पीएचच्या बफरमधली अँटिबॉडी घालून खोलीच्या तापमानाला दोन तास किंवा ४ अंशांना रात्रभर. शेवटी इथेनॉलअमाइन किंवा ग्लायसिन घालून उरलेले जागे गट बंद करा. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, आत दव पडून पावडर खराब होते.

इथे सर्वांत जास्त वेळा फसगत होते ती अँटिबॉडीच्या बाटलीमुळे. ती टिकावी म्हणून उत्पादक तिच्यात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए, किंवा ट्रिस, ग्लायसिन, सोडियम अझाइड घालतात. ट्रिस आणि ग्लायसिनमध्ये अमाइन गट आहेत, अल्ब्युमिनमध्ये तर भरपूर. ही सगळी मंडळी अँटिबॉडीच्या आधी बीडवर जाऊन बसतात. सगळं बरोबर करूनही बीड मुकीच राहते. म्हणून लेबल वाचा. ट्रिस, ग्लायसिन, अझाइड असे लहान रेणू असतील तर ते डीसॉल्टिंग कॉलममधून काढा; अल्ब्युमिन त्यातून निघत नाही, ते असेल तर मिसळण नसलेली अँटिबॉडी मागवा.

किती अँटिबॉडी घालायची? १ मायक्रोमीटरच्या १ मिलिग्रॅम बीड्सचं एकूण पृष्ठफळ पाहिलं तर त्यावर एका थरात १० मायक्रोग्रॅमच्या आसपास बसते. दुप्पट घाला, दहापट घालून उपयोग नाही. ज्यादा अँटिबॉडी सैल चिकटते आणि पुढे नमुन्यात सुटून लक्ष्याला बीडवर येण्याआधीच अडवते. बसली की नाही हे उरलेल्या द्रवातलं प्रथिन मोजून पाहावं. घातलेलं वजा उरलेलं.

पायरी ३ : रिकाम्या जागा बुजवणं आणि धुणं

माझ्या मते सेन्सर चांगला की वाईट हे इथे ठरतं.

अँटिबॉडीच्या मधल्या मोकळ्या जागेवर नमुन्यातलं कुठलंही प्रथिन बसू शकतं. सभागृहात नको असलेले लोक शिरू नयेत म्हणून रिकाम्या खुर्च्यांवर आपलीच माणसं आधी बसवून ठेवावीत, तसा १ टक्का बीएसए किंवा केसीनचा बफर वापरून ती जागा भरून टाकतात. बीड्सइतकीच नळीची भिंत आणि चिपचा पृष्ठभागही भरावा लागतो, हे विसरलं जातं. चिप किंवा पट्टीच्या पद्धतीत खोटा संकेत बीडपेक्षा पृष्ठभागाकडूनच जास्त येतो.

धुताना नळी चुंबकी रॅकवर ठेवा, द्रव नितळ होईपर्यंत थांबा, मगच वरचा द्रव पिपेटने काढा. १ मायक्रोमीटरच्या बीड्सना एक-दोन मिनिटं पुरतात. १०० नॅनोमीटरच्या कणांना बराच जास्त वेळ लागतो, आणि ५० नॅनोमीटरच्या आसपासच्यांना तर लोखंडी गोळ्यांनी भरलेल्या कॉलममधून न्यावं लागतं. चुंबक नुसता ताकदवान असून भागत नाही. कण ओढला जातो तो क्षेत्र अंतरागणिक जितकं झपाट्याने बदलतं त्या प्रमाणात, आणि गोळ्यांच्या मधल्या फटींत ते फार झपाट्याने बदलतं.

नवा बफर घातल्यावर नळी रॅकवरून काढा आणि बीड्स पूर्ण सुट्या होईपर्यंत हलवा. रॅकवरच ठेवून वरून बफर ओतणं म्हणजे धुणं नव्हे, कारण भिंतीवरच्या बीड्सच्या गठ्ठ्यात जुना द्रव अडकून राहतो. बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखा सौम्य पदार्थ) असू द्या. तीनदा धुवा, आणि त्यातल्या एका वेळी बीड्स नव्या नळीत हलवा. जुन्या नळीच्या भिंतीला जे चिकटलंय ते तिथेच राहील. या एका सवयीने ब्लँक किती खाली येतो ते स्वतःच पाहा.

बीड्स कधीही कोरड्या पडू देऊ नका. वाळलेल्या बीड्सचे गठ्ठे होतात आणि ते परत सुटे होत नाहीत.

पायरी ४ : प्रत्यक्ष चाचणी

लक्ष्य मोठं असेल, प्रथिन किंवा जिवाणू, तर सँडविच करा: एक अँटिबॉडी पृष्ठभागावर, दुसरी कणावर, आणि दोघींनी लक्ष्याच्या वेगवेगळ्या जागा धरायच्या. लक्ष्य लहान असेल, जसं कीटकनाशक किंवा अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, तर त्याला दोन बाजूंनी धरता येत नाही, तिथे स्पर्धेची चाचणी लागते. तिच्यात लक्ष्य जास्त तर संकेत कमी, हे वाचताना ध्यानात ठेवा.

सँडविचमध्ये एक सापळा असतो. लक्ष्य अतोनात असलं की पृष्ठभागावरच्या सगळ्या अँटिबॉडी भरतात, कणांवरच्याही भरतात, आणि दोघांना जोडणारं कुणीच उरत नाही. संकेत खाली येतो. म्हणजे भरपूर लक्ष्य असलेला नमुना 'थोडंसं आहे' असं सांगतो. याला हूक परिणाम म्हणतात. संशय आला तर तोच नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा मोजा. पातळ केल्यावर संकेत वाढला, तर पहिला आकडा खोटा होता.

चौथ्या रस्त्याने जाणाऱ्यांना एक सूचना. शेवटी रंगासाठी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टीएमबी हे रंग देणारं रसायन वापरणार असाल, तर उघड्या मॅग्नेटाइटचे कण स्वतःच पेरॉक्सिडेजसारखे वागतात आणि निळा रंग आणतात. चिनी संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं, आणि पुढे त्यातून नॅनोझाइम नावाची शाखाच उभी राहिली. शोध म्हणून तो देखणा आहे, तुमच्या ब्लँकसाठी मात्र तापदायक. जाड पॉलिमर किंवा सिलिकाचा थर असलेल्या बीड्समध्ये हा त्रास कमी असतो. तरी बिगर-अँटिबॉडीच्या बीड्स घेऊन एक नळी चालवून खात्री करा.

पायरी ५ : ब्लँक, पुन्हा ब्लँक

एका ब्लँकवर समाधान मानू नका. निदान तीन प्रकारचे चालवा: लक्ष्य नसलेला बफर, लक्ष्य नसलेला खरा नमुना, आणि लक्ष्य असलेला नमुना पण बीड्सवर भलतीच अँटिबॉडी. तिसरा सर्वांत बोलका असतो. त्यातून संकेत आला तर तो ओळखीतून आलेला नाही, निव्वळ चिकटेपणातून आलेला आहे.

शोधमर्यादा काढायची रूढ पद्धत म्हणजे ब्लँकची दहा-बारा वाचनं, त्यांचं प्रमाण विचलन, त्याची ३.३ पट, भागिले कॅलिब्रेशनच्या रेषेचा चढ. समजा ब्लँकचं विचलन ६ एकक आहे आणि दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम लक्ष्य वाढलं की संकेत २० एककांनी वाढतो. मर्यादा आली साधारण १ नॅनोग्रॅम. आता ही सुधारायची असेल तर दोनच वाटा: चढ वाढवा किंवा विचलन कमी करा. लोक नवा सेन्सर घेऊन चढ वाढवायला धावतात, आणि ब्लँकही त्याच पटीत वाढतो. धुण्यात शिस्त आणली की विचलन निम्मं होणं अवघड नाही, आणि त्याला खर्च नाही. ही वाचनं मात्र वेगवेगळ्या नळ्यांची, जमल्यास वेगवेगळ्या दिवसांची घ्या. एकच नळी दहादा मोजली तर यंत्राचा नॉइज कळतो, चाचणीचा नाही.

पायरी ६ : खऱ्या नमुन्यात

बफरमध्ये सुंदर चाललेली चाचणी सीरममध्ये ढेपाळते, हे जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणून खऱ्या नमुन्यात माहीत असलेलं लक्ष्य घाला आणि किती परत मिळतं ते पाहा. ८० ते १२० टक्के परत मिळालं तर सुरुवातीला चांगलं मानायला हरकत नाही. कमी मिळालं तर नमुना पातळ करून पाहा.

स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-बायोटिन वापरलं असेल तर रक्ताच्या नमुन्यात एक विशेष धोका आहे. केस-नखांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात ते इतकं असू शकतं की बीड्सच्या जागा तेच अडवतं. अशा चुकीच्या निकालांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला, त्यात हृदयविकारासाठी मोजल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचाही उल्लेख होता.

हे सगळं वापरतात कुठे

अन्न आणि पाण्यात. जिवाणू थोडे आणि द्रव भरपूर, अशा ठिकाणी चुंबकाने वेचण्याला तोड नाही. ई. कोलाय ओ१५७ शोधण्याच्या आयएसओ १६६५४ या पद्धतीत, आणि पाण्यातल्या क्रिप्टोस्पोरिडियम व जिआर्डियासाठीच्या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या १६२३ क्रमांकाच्या पद्धतीत, चुंबकीय वेचणी ही ठरलेली पायरी आहे. मोजणी त्यानंतर इतर मार्गांनी होते.

कर्करोगात दोन उपयोग ठळक आहेत. सेलसर्च ही पद्धत ७.५ मिलिलिटर रक्तातून गाठीतून सुटलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशी चुंबकीय कणांनी गोळा करते. तिला २००४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. दुसरा उपयोग शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा: स्तनाच्या ऊतीत लोह ऑक्साइडच्या कणांचा द्रव टोचतात, कण लसिकेबरोबर वाहत जाऊन पहिल्या लसिकाग्रंथीत अडकतात, आणि सर्जन हातातल्या चुंबकीय प्रोबने ती ग्रंथी शोधतो. एरवी याच कामाला वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी टेक्निशियमची गरज उरत नाही. प्रोब फिरवताना स्टीलची हत्यारं बाजूला ठेवावी लागतात, पायरी १ मधली तीच गोष्ट. आणि टोचलेले कण ऊतीत बराच काळ राहून पुढच्या एमआरआयच्या चित्रात काळे डाग आणू शकतात, हे रुग्णाच्या कागदपत्रांत लिहिलेलं असावं लागतं.

न्यूक्लिइक आम्लं वेगळी करायला सिलिका लावलेल्या बीड्स तर सर्रास वापरतात. कोविडच्या काळात लाखो नमुन्यांचा आरएनए यंत्रांनी असाच वेचला.

साठवण आणि सुरक्षा

बीड्स २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. गोठल्या की गोळ्या तडकतात किंवा कायमच्या चिकटतात, आणि बाहेरून फरक दिसत नाही. वापरण्याआधी बाटली नीट हलवा, तळाशी काळं काही उरलं नाही ना ते पाहा. गठ्ठे दिसले तर थोडा वेळ अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा, पण अँटिबॉडी बसवल्यानंतर तो वेळ काही सेकंदांवर आणा. कोरड्या पावडरीचं काम धुराडी कपाटातच करावं, कारण श्वासात जाणारी नॅनोपावडर आणि द्रवात बसलेला कण यांचा धोका सारखा नाही. निओडिमियमचे मोठे चुंबक एकमेकांवर आदळले की बोटं चिरडतात आणि चुंबकांचे तुकडे उडतात, त्यामुळे एकावेळी एकच बाहेर काढा. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका. वापरलेल्या बीड्स बेसिनमध्ये न सोडता तळाशी चुंबक लावलेल्या बाटलीत जमा करा. वरचा द्रव नमुन्याच्या नियमाप्रमाणे निर्जंतुक करून टाका आणि खालचा गाळ घातक कचऱ्याच्या डब्यात.